चेंबर रिकामं आहे

१

आमचे दिवाकरराव म्हणजे महासंशयी माणूस. कुलूप लावलं की ओढून बघणार, चार पावलं चालून परत येणार आणि पुन्हा ओढणार. माझ्या धाकट्या बहिणीचे, मंगलाचे, ते यजमान. त्यांची चेष्टा करायचा हक्क मला लग्नातच मिळाला होता आणि तो मी पुरेपूर वसूल करत असे. देपालपूर रोडवर उदयसिंहजींनी बटाट्याचं नवंकोरं कोल्ड स्टोरेज बांधलं आणि दिवाकरराव तिथे सुपरवायझर झाले, तेव्हा मी मंगलाला म्हणालो, "बरं झालं. आता कुलपं तरी त्यांच्या मापाची मिळतील."

मध्य प्रदेश होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमचे आप्पा अजून पाकिटावर 'मध्य भारत' लिहायचे आणि पोस्टमन ते मुकाट्यानं पोचवायचा. मी भंवरकुआंच्या पुढे एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो.

कोल्ड स्टोरेज म्हणजे एकच लांबलचक दालन. सगळे त्याला चेंबर म्हणत. दोन्ही बाजूंना छतापर्यंत बटाट्याच्या पोत्यांच्या थप्प्या, मधून एक गल्ली, आणि तोंडाशी बुचाचं लाकूड भरलेलं हातभर जाडीचं दार. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत हात सुन्न करणारी थंडी. म्हणून दाराबाहेर भिंतीवर खुंट्यांची एक रांग होती. प्रत्येक खुंटीवर एका माणसाचं नाव आणि त्याची घोंगडी. आत जाताना आपली घोंगडी पांघरायची, बाहेर आलं की आपल्याच खुंटीला लावायची. दार लावण्याआधी दिवाकरराव सगळ्या खुंट्या बघत, मग आत तोंड करून हाक मारत, "कोई है?" आणि कान देऊन उभे राहत. खुंटी मोकळी दिसली म्हणजे माणूस आत आहे, असा तिथला सरळ हिशेब होता.

तरीही त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. लांबच्या कुठल्याशा कोल्ड स्टोरेजमधे एक हमाल पोत्यांमागे झोपला, बाहेरून दार लागलं, आणि सकाळी निघाला तेव्हा त्याच्या हाताची बोटं कामातून गेली होती. ते ऐकल्यापासून दिवाकरराव रात्री उठून बसायला लागले. शेवटी मंगला माझ्याकडे आली. "दादा, तू एवढा शिकलेला. यांच्यासाठी काहीतरी कर ना. नाहीतर हे वेडे होतील आणि मी पण."

२

मग मी एक यंत्र बनवलं. त्याचा मला अभिमान होता, हे कबूल करायला हरकत नाही.

माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज ते यंत्र सोडत असे आणि त्याचा परत येणारा पडसाद ऐकत असे. वटवाघूळ हेच करतं. समोर सगळं स्थिर असेल तर पडसाद जसाच्या तसा येतो. काही हाललं तर तो किंचित बदलतो आणि बाहेरच्या डबीवरचा लाल दिवा लागतो. माणूस गप्प बसला तरी श्वास घ्यायचं सोडत नाही. छाती वर आली की दिवा लागे, खाली गेली की लागे, मधे क्षणभर विझे. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात मी आमच्या बंडू शिपायाला टोकाला बसवून हे सगळं तपासलं. डबीवर फिरवायची एक चकती होती. तिच्यावर मी पेन्सिलीनं तीन खुणा केल्या: दार, अर्धं, पूर्ण. यंत्रानं किती लांबपर्यंत बघायचं ते चकतीनं ठरे.

यंत्राचं तोंड चेंबरच्या आत दाराच्या वर बसवलं, डबी बाहेर खुंट्यांशेजारी. आतले पंखे आधी बंद करायचे, कारण वाहत्या हवेनंसुद्धा दिवा लागतो. मग दिव्याकडे बघायचं. दिवा विझलेला असेल तर खुशाल कुलूप लावायचं.

"आता ही धोब्याची दोरी काढून टाका," मी घोंगड्यांकडे बोट दाखवून म्हणालो.

"राहू द्या दादा. त्या काय खायला मागतात?" दिवाकरराव हसले. खुंट्या राहिल्या, घोंगड्या राहिल्या. पण हळूहळू त्यांच्याकडे बघायचं मात्र सगळ्यांनी सोडलं. हाकही थांबली. दिवा होता ना.

३

एका दुपारी कॉलेजात फोन आला. "दादा, दिवा विझत नाहीये."

मी स्कूटर काढून गेलो. सगळे हमाल अंगणात लिंबाखाली बसले होते. सगळ्या घोंगड्या खुंट्यांवर. पंखे बंद. आणि डबीवरचा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. अगदी सावकाश.

आम्ही आत जाऊन थप्पीथप्पी बघितली. शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथे बर्फाळ पाइप, ओलसर भिंत आणि बटाट्याचा मातकट वास, बाकी कोणी नव्हतं. बाहेर आलो तर दिवा तसाच चालू.

तेवढ्यात उदयसिंहजी जीपमधून उतरले. माणूस वाईट नव्हता, पण माल त्यांचा होता. "प्रोफेसरसाहेब, तुमच्या बत्तीच्या चक्करमधे माझे आलू सडून जातील हो. गरम हवा घुसते आहे ना अंदर. फणसेजी, हे जमत नसेल तर सांगून द्या, मी दुसरा आदमी बघतो."

दिवाकरराव खाली मान घालून उभे राहिले. दोन मुली, भाड्याचं घर. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी कारणही सुचलं. व्हरांड्यातली हवा तापलेली होती. तापलेली हवा हा बारीक आवाज वाटेतच पिऊन टाकते. गार हवेत तो पुष्कळ लांब पोचतो. म्हणजे मी तिकडे केलेली 'पूर्ण'ची खूण इथे पूर्णाच्याही पलीकडे जात होती आणि मागच्या पाइपांवरून ओघळणारं पाणी यंत्राला दिसत होतं. मी हे सगळं उदयसिंहजींना ऐटीत समजावलं आणि चकती 'अर्धं'वर आणली.

दिवा विझला.

"झालं," मी म्हणालो. "चेंबर रिकामं आहे."

कुलूप लागलं, जीप गेली. दिवाकरराव मात्र डबीसमोरून हलेनात. "दादा, पाणी तर टपटप गळतं," ते हळूच म्हणाले. "ते दिव्यात असं दम घेऊन घेऊन कशाला दिसेल?"

४

नंतर बरेच दिवस काही झालं नाही. मग एका रविवारी सकाळी दिवाकरराव एकटेच आमच्या घरी आले. पोह्यांची बशी समोर होती, पण ते चमचा नुसता फिरवत होते.

"दादा, आता अर्ध्यावर पण लागतो दिवा."

"मग त्यात काय? चेंबर आणखी गार झालं असेल. आणखी लांबचं दिसत असेल."

"हो, असेल तसंच." बशी बाजूला सारून ते म्हणाले, "मी परत हाक मारायला लागलोय. आधी हाक मारली की आवाज पोत्यांमधे मुरून जायचा. आता परत येतो. माझाच असतो. पण जरा उशिरा येतो, दादा. मी परत निघालो की मागून."

"माल विकला जातोय ना? पोती कमी झाली की पडसाद येणारच."

"अच्छा," ते म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. गार हवेत आवाज लांब जातो हे खरं, पण त्यालाही काही मर्यादा असते. थंडी थोडीशी वाढली म्हणून अर्ध्या दालनाऐवजी एकदम शेवटपर्यंत दिसायला लागत नाही. मी कागदावर दोनदा मांडून बघितलं आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. जे दिसतंय ते जिथल्या तिथे आहे आणि यंत्राची नजर लांब गेली आहे, असं मला म्हणायचं होतं. गणित म्हणत होतं की नजर जवळपास तेवढीच आहे.

संध्याकाळी जाऊन मी चकती 'दार'च्या खुणेवर आणली. त्या खुणेवर यंत्राला पहिल्या थप्पीपलीकडचं काही दिसत नसे. दिवा विझला.

"आता मागे कोणी राहिलं तर?" दिवाकररावांनी विचारलं.

"कोण राहणार? तुम्ही आहात ना बघायला." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला तिथून लवकर निघायचं होतं.

५

आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळा माळवा लग्नाला जातो. त्या दिवशी हमालांना सुट्टी होती, उदयसिंहजी कुठल्याशा वरातीत होते. मंगलाकडे चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू होतं. बायकांच्या गर्दीतून सुटका म्हणून दिवाकरराव आणि मी दुपारी कोल्ड स्टोरेजवर गेलो. मंगलानं बजावलं होतं, "पाचच्या आत परत या. डाळ आणि पन्हं ठेवते तुमच्यासाठी. आणि दादा, यांच्या डोक्यातलं ते भूत एकदाचं काढ बाबा."

मी ते काढायचं ठरवलंच होतं. उपाय साधा होता. खुणा व्हरांड्यातल्या हवेत केल्या होत्या, त्या आता चेंबरच्या हवेत नव्यानं करायच्या. एकानं आत चालत जायचं, दुसऱ्यानं बाहेर दिवा बघायचा. दिवा विझला की तिथे यंत्राची हद्द.

आत जाणार दिवाकरराव. कुलूप किल्लीसकट कडीला लटकत होतं. त्यांनी आपल्या खुंटीवरची घोंगडी काढली, डोक्यावरून पांघरली आणि मला म्हणाले, "दार पूर्ण लोटू नका हं."

"मी इथेच आहे," मी म्हणालो.

चकती 'दार'वर. ते आत चालू लागले, तसा दिवा लागला. दाराच्या फटीतून गार वाफ जमिनीलगत बाहेर वाहत होती आणि उन्हात विरत होती. आतले दिवे त्या वाफेत पिवळट दिसत. पहिल्या थप्पीच्या पुढे त्यांचं पाऊल पडलं आणि दिवा विझला. मी मोठ्यानं हसलो. यंत्र अगदी बरोबर होतं.

"असंच शेवटपर्यंत जा," मी ओरडलो. "पोचलात की हाक मारा."

पावलं लांब गेली. दिवा विझलेलाच. थोड्या वेळानं आवाज आला, "पोचलो, दादा."

"घाबरलात का?"

"थोडं." तेही हसले असावेत.

मी पेन्सिल काढली, चकतीवर वाकलो आणि दिवा लागला.

६

एवढ्या लवकर परत आले कसे, हेच आधी मनात आलं. "काय पळत आलात की काय?" मी विचारलं.

"नाही हो," आवाज अगदी मागून आला. "इथेच आहे. भिंतीला टेकून उभा आहे."

दिवा विझला. पुन्हा लागला. सावकाश, दम घेऊन घेऊन.

 मी पंखे बघितले, ते बंद होते. दाराची फट तशीच होती. बाहेरची गरम हवा आत घुसते आहे, तिची हालचाल दिसते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण हवा वाहते तेव्हा दिवा सारखा थरथरतो. तो असा मोजून उघडझाप करत नाही.

फटीतून आत बघायला नको होतं, पण मी बघितलं. कोणी नव्हतं. नुसती गल्ली आणि जमिनीवरून दाराकडे वाहत येणारी पांढरी वाफ. फक्त एका जागी, पहिल्या थप्पीच्या अलीकडे, ती वाफ दुभंगत होती. नदीतल्या खांबापाशी पाणी फाटतं आणि पुढे पुन्हा जुळतं, तशी. तिथे खांब नव्हता. काहीच नव्हतं. मी बघत असताना ती फाटलेली जागा थोडी दाराकडे सरकली.

मी मागे झालो. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. दिवाकरराव त्याच्या पलीकडे होते. या म्हणावं तर त्यांना त्याच्या अंगावरूनच यावं लागणार. थांबा म्हणावं तर कशासाठी आणि कुठवर?

"दादा, निघू का?" मागून आवाज आला.

मी चकतीवरची 'दार'ची खूण पुन्हा बघितली.

"दादा, निघू का?" पुन्हा तेच, त्याच सुरात. पण या वेळी आवाज जवळचा होता आणि जरा उशिरा आल्यासारखा होता.

मी दिव्याला डोळे लावून उभा राहिलो. तेवढी एकच गोष्ट मला कळत होती. दिवा लागला, विझला, लागला. मग पावलं आली. दाराची फट रुंदावली आणि दिवाकरराव बाहेर आले. त्यांनी दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली.

दिवा विझला.

"सापडली हद्द?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही... आत काही दिसलं नाही तुम्हाला?"

"काय दिसणार? रिकामं तर आहे."

मला रडू येईल की काय असं वाटलं. ते आले होते, दार बंद होतं, दिवा विझलेला होता. उद्याच उदयसिंहजींना सांगून हे यंत्र काढून टाकायचं आणि दिवाकररावांना दुसरीकडे कुठेतरी चिकटवायचं, अगदी सांवेर रोडवर कारखान्यात लावायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. ते स्कूटरकडे चालत गेले. मी खाली पडलेली पेन्सिल उचलली.

७

वाकून उठताना माझी नजर खुंट्यांवर गेली.

सगळ्या घोंगड्या आपापल्या जागी होत्या. एक खुंटी मोकळी होती. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, 'दि. फणसे'.

मी आठवायचा प्रयत्न केला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर घोंगडी होती का? मी दिव्याकडे बघत होतो, माणसाकडे बघितलंच नव्हतं. आत पडली असेल. खांद्यावरून घसरली असेल. दिवाकररावांनी घोंगडी आत टाकून दार लावलं असेल? कुलूप लावलं तर चार पावलं जाऊन परत येणारा माणूस. आज तो परत आला नव्हता.

मी चकती फिरवली. 'दार'वरून 'अर्धं'. काही नाही. 'अर्धं'वरून 'पूर्ण'.

दिवा लागला.

या वेळी तो सावकाश नव्हता. भराभर लागत होता, विझत होता, लागत होता. धावून दमलेल्या, घाबरलेल्या माणसाची छाती हालते तसा. मी दारावर मुठी आपटल्या, ओरडलो, "दिवाकरराव!" हातभर जाड दार. माझा आवाज त्याच्यातच जिरला. कान लावला, आतून काहीच येत नव्हतं. कुलूप दोन्ही हातांनी ओढलं, ते हललंसुद्धा नाही. आजूबाजूला माणूस नाही. लांब कुठेतरी वरातीचा बँड वाजत होता.

"काय झालं, दादा?"

ते माझ्या मागे उभे होते. भर उन्हात. माझ्या सदऱ्याचं पाणी पाणी झालं होतं आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. भुवयांवर पांढरा बारीक बर्फ जमलेला होता. तो वितळत नव्हता.

"किल्ली द्या," मी म्हणालो. "मला किल्ली द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि मी दोनदा फिरवली होती तशीच, अगदी त्याच सवयीनं, चकती मागे फिरवून 'दार'वर आणली. दिवा विझला.

"झालं," ते म्हणाले. सूर माझा होता. "चेंबर रिकामं आहे."

मी त्यांचा हात झिडकारून चकती पुन्हा 'पूर्ण'वर नेली. त्यांचा हात लागला तिथे माझ्या मनगटाला चटका बसला, बर्फाचा बसतो तसा. दिवा लागला. भराभर, भराभर. मग मधेच एकदा जरासा अडखळला.

त्यांनी डोकं कलतं करून दिव्याकडे बघितलं, घरी चहा उकळायची वाट बघतात तसं.

"अच्छा," ते म्हणाले. "एवढ्यात नाही. पण होईल रिकामं. थांबू आपण. मंगलानं पाचच्या आत बोलावलंय."